दालोचे खरेदीदार

ज्या माणसाने एका सहीत माझी नोकरी घालवली, त्याच्याबद्दल मी चांगलं लिहायला बसले आहे. राग आहेच. पण तो त्यांच्यावर नाही. कशाचा आहे ते आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत दाबून ठेवायची मला सवय नाही. मोठ्या देशाने लहान देशाकडून चार कंद विकत घेतले की त्याला मेहेरबानी म्हणायचं, आणि लहान देशाने मोठ्याचा माल घेतला की त्याला बाजार म्हणायचं, याचा मला राग आहे. हे मला कॉलेजने शिकवलं नाही. कॉलेजात आम्हाला दोन्हीला व्यापारच म्हणायला शिकवलं होतं.

त्यांना सगळे काका म्हणायचे. सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या पलीकडे, ट्रक दुरुस्तीच्या दोन शेडच्या मधोमध त्यांचं कोल्ड स्टोअर होतं. फिजीहून दालो मागवायचे आणि बेटांवरच्या लोकांच्या दुकानांना पुरवायचे. दालो म्हणजे आपल्या अळकुडीचा थोरला भाऊ. नारळाएवढा, बाहेरून केसाळ, आतून पांढुरका आणि जांभळ्या ठिपक्यांचा. आपल्याकडे जसा भात, तसा फिजीत दालो. तो ताटात नसेल तर माणूस जेवला असं तिकडे धरत नाहीत.

मी वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीतून फूड सायन्समध्ये मास्टर्स करून बाहेर पडले आणि महिनाभरात कोव्हिड आला. हातात असलेली ऑफर इमेलवरच परत गेली. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, आई त्याच गल्लीत कांड्या भरायची. आमच्या घरात डिग्री नावाची वस्तू मी पहिली आणली, त्यामुळे ती घेऊन रिकामं बसायची लाज मला इतरांपेक्षा जास्त वाटत होती. केलीव्हिलला ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहत होते, त्यांनी काकांचा पत्ता दिला. वर सावधही केलं. "माणूस चक्रम आहे हं. चिडू नकोस."

काकांनी मार्कलिस्ट बघितली नाही. उकडलेल्या दालोच्या चार फोडी पुढे ठेवल्या.

"खा."

मी खाल्ली.

"कसं आहे?"

"मीठ कमी आहे."

"उद्यापासून ये. तुझ्याआधी तिघं पदवीधर येऊन गेले. तिघंही 'व्हेरी नाइस' म्हणाले."

माझा अपमानच झाला. वडिलांनी दोन पाळ्या करून ज्याची फी भरली, ते सर्टिफिकेट बघायचंसुद्धा नाही? मी ते बॅगेतून काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी हात पुसले, चष्मा लावला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूसुद्धा बघितली आणि म्हणाले, "हे फार कष्टाचं दिसतंय. प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. इथे दमट असतं."

चक्रमपणा म्हणायचा तर तो रोज दिसायचा. आलेल्या प्रत्येक मालातला एक दालो ते स्वतः उचलायचे, ऑफिसातल्या कुकरमध्ये उकडायचे आणि सगळ्यांना खायला लावायचे. फोर्कलिफ्ट चालवणारा टेरी, पन्नाशीचा ऑस्ट्रेलियन, सुरुवातीला म्हणायचा, "काका मेट, माझ्या सँडविचचं काय पाप आहे?" काका म्हणायचे, "तुझ्या सँडविचची तपासणी झालेली नाही." सहा महिन्यांनी टेरी सँडविच आणायचाच बंद झाला आणि मीठ कमी आहे म्हणून तोच कुरकुर करायला लागला.

फिजीतल्या शेतकऱ्याचा फोन आला की काका उभे राहायचे. खुर्चीत बसलेले असोत नाहीतर गाडीत. एकदा हायवेच्या कडेला गाडी थांबवून, बाहेर उतरून, पावसात उभे राहून बोलले. उलट इथल्या सुपरमार्केटचा माणूस फोनवर असला की टेबलावर पाय. मी विचारलं तर म्हणाले, "एक जण पिकवतो, एक जण मांडतो. फरक नको करायला?"

आणि तो फळा. ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता, त्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'तिकडून इकडे', उजवीकडे 'इकडून तिकडे'. डाव्या बाजूला दालोच्या अटी. माती नको, किडा नको, मुळं नकोत, शेंडा छाटलेला हवा म्हणजे इथे कुणी लावू नये. मग हा कागद, तो कागद, त्यावर शिक्का. यादी फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत जायची आणि तिथून वळून वर चढायची. उजवीकडे मैदा, बटाटे, गाजरं, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. त्यांच्यापुढे दोन-चार ओळी.

मी शिकलेली. मला हे एकतर्फी वाटलं. "काका, फिजीतही तपासणी असते. त्यांचेही नियम आहेत."

"आहेत ना. आणि त्यांनी आपल्या बटाट्याचा एक कंटेनर अडवला तर दुसऱ्या दिवशी इथून मोठ्या माणसाचा फोन जातो. त्यांचा दालो अडला तर इथे कोण फोन करतं?"

"कोण?"

"लितिया."

लितिया ही आमची फिजीतली बाजू. तावेउनी नावाच्या बेटावर तिचं गाव, काकांच्या जुन्या ओळखीचं. ती एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर होती. विमानं थांबली, हॉटेलं बंद झाली आणि गावातली जी तरुण मंडळी खोल्या साफ करायची, बोटी चालवायची, पाहुण्यांना फुलांच्या माळा घालायची, ती सगळी गावात परतली. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "दालो लावा, मी घेतो." बेणं जमवून त्यांनी वर्षअखेरीला डोंगराच्या उतारावर दालो लावला. तो तयार व्हायला नऊ-दहा महिने लागतात. तेवढ्या काळात गावाचं नाव मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीत घालायचं काम मी आणि लितिया करत होतो. त्या यादीत नाव असल्याशिवाय एक कंदसुद्धा इथे येऊ शकत नाही. मी फॉर्म भरायचे, ती शेताचे फोटो पाठवायची, फॉर्म परत यायचा. पुन्हा भरायचे. धुण्याची जागा शेतापासून वेगळी आहे हे दाखवायला त्यांनी सिमेंटचा ओटा बांधला, तर ओट्याला छप्पर नाही म्हणून अर्ज परत आला. छप्पर घातलं. नाव लागलं त्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल केला, मागे सगळं गाव उभं. ती माझ्याशी फिजीतली हिंदी बोलायची, काकांशीही. म्हणाली, "बहिनी, अब हम लोग होटल के भरोसे नहीं."

त्याआधी, कोव्हिडच्या पहिल्या वर्षी, सिडनीच्या हिल्स भागातल्या मराठी मंडळींचा गणपती झूमवर झाला होता. तो प्रसंग सांगायलाच हवा. आरतीच्या आधी मंडळातले एक डॉक्टर म्हणाले, "मला वाटतं आपण पॅसिफिकमधल्या आयलंड्सना थोडी हेल्प करावी. एखादा डोनेशन ड्राइव्ह. टुरिझम बंद आहे, बिचारे."

काकांनी अनम्यूट केलं. "बिचारे कशाने?"

"म्हणजे, त्यांच्याकडे दुसरं काही नाही ना, काका."

"दालो आहे. आलं आहे. हळद आहे. तुमच्या घरी आठवड्याला बटाटे किती लागतात?"

"काका, आरती राहिली आहे."

"आरती करू. आधी सांगा, बटाट्याऐवजी दालो कोण कोण घेणार? हात वर करा. खरा हात, ते पिवळं चित्र नको."

पंचवीस खिडक्यांपैकी चार-पाच कॅमेरे पटापट बंद झाले. एका खिडकीत कॅसल हिलला राहणारा काकांचा मुलगा होता, आयटीतला. तो म्हणाला, "बाबा, प्लीज. इट्स जस्ट अ व्हेजिटेबल."

"म्हणूनच विकत घे म्हणतोय. प्रसाद असता तर फुकट वाटला असता."

मी घरमालकांच्या शेजारी बसून ओठ चावत होते. हसू येत होतं आणि रागही. त्या मंडळींनी नंतर खरंच पैसे जमवले आणि कुठल्याशा संस्थेला पाठवून दिले. दालो एकाच घराने घेतला. तोही, अळूवडी होत नाही म्हणून, पुन्हा घेतला नाही.

मग दुसऱ्या वर्षीचा ऑगस्ट आला. सिडनीत कडक लॉकडाउन. आमच्या बाजूच्या वस्त्यांवर पोलिसांची हेलिकॉप्टरं फिरायची, कामावर जायला खिशात पत्र लागायचं. गावाचा पहिला स्वतःचा कंटेनर निघाला होता. मी लसीच्या रांगेत उभी असताना लितियाचा मेसेज आला. "काका के वास्ते माल के साथ छोटा भेट रखा है. ठीक है न?"

मी लिहिलं, "नो वरीज." पुढे अंगठा.

मला वाटलं शिंपल्यांची माळ असेल, नाहीतर विणलेला पंखा. विचारणं माझं काम होतं. माझ्या डिग्रीचा सगळा अर्थच तेवढा होता, की पेटीत काय आहे ते विचारायचं. मी विचारलं नाही.

भेट म्हणजे कावाच्या मुळांची मोळी होती, चटईत गुंडाळलेली. तिकडे ही मुळं कुटून पाण्यात कालवून पितात. पण मुद्दा पिण्याचा नाही. एखाद्याच्या दारात जायचं, माफी मागायची, सोयरीक करायची, नवं काम सुरू करायचं, की आधी ही मोळी समोर ठेवतात. त्याशिवाय पुढचं बोलणंच होत नाही. आधीची अनेक वर्षं गावातलं कुणी ना कुणी सिडनीला यायचं आणि काकांसाठी बॅगेतून थोडी मुळं आणायचं. प्रवाशाला तेवढी परवानगी होती. आता प्रवासीच बंद. मग पहिला माल रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, म्हणून त्यांनी मोळी मालातच ठेवली. पण मालातून कावा आणायला तेव्हा मनाई होती. आणि मुळांना माती चिकटलेली होती.

बंदरावर कंटेनर उघडला आणि अडकला.

आमचे कागद करणारा एजंट पंजाबी होता, बोलायला गोड. त्याचा फोन आला. "मॅडम, सिंपल है. लिख दो सप्लायर ने बिना बताए डाला. आपका लायसन्स सेफ. गाँव का नाम लिस्ट से कटेगा, बस."

बस म्हणे!

मी पत्र लिहिलं. खोटं कशाला बोलू, फार सुंदर लिहिलं. 'सदर वस्तूबाबत आम्हाला कोणतीही पूर्वकल्पना नव्हती', हे इंग्रजीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मराठीत दिसत नाही. मी ते काकांपुढे ठेवलं, पेन उघडून.

त्यांनी दोनदा वाचलं. "कोणतीही?"

मी पेन पुढे सरकवलं.

"छान लिहिलंयस. खरं आहे का?"

मी फोन काढून मेसेज दाखवला. काका त्या अंगठ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काका, सही करा," मी म्हणाले. "लायसन्स गेलं तर तुम्ही काहीच आणू शकणार नाही. मग त्यांचा दालो घेणार कोण? यादीत नाव ठेवून ते काय चाटायचं आहे?"

"घेणारा दुसरा मिळतो. नाव दुसऱ्यांदा मिळत नाही. किती हेलपाटे घातले ते तुझ्याच फायलीत आहे. छप्पर विसरलीस?"

"आणि त्यांनी कळवायला नको होतं, काय ठेवलंय ते?"

"त्यांनी विचारलं होतं. 'ठीक है न' म्हणून विचारलं होतं." मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मुंबईत मी मिरची एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीत होतो. एकदा परदेशातून माल परत आला. चूक घेणाऱ्याच्या गोदामातली होती. त्याने लिहिलं, पाठवणाऱ्याने निष्काळजीपणा केला. त्याच्या लेटरहेडवर होतं, त्यामुळे ते खरं ठरलं. मी इथे लेटरहेड छापलं तेव्हाच ठरवलं होतं, याच्यावर तसलं काही लिहायचं नाही."

माझा व्हिसा त्या नोकरीवर होता. मी तो शब्द तोंडातून काढला नाही. काकांनीच काढला. "तुझ्यासाठी मी दोन ठिकाणी फोन करीन. खात्री देत नाही."

दोन फोन! माझं सगळं आयुष्य आणि दोन फोन. मी इतकी संतापले की माझं ते सुंदर पत्र स्वतःच फाडलं आणि म्हणाले, "लिहा मग तुम्हीच."

त्यांनी हाताने लिहिलं. साडेतीन ओळी आणि खाली सही. माल पाठवणाऱ्यांनी आमच्या ऑफिसला आधी विचारलं होतं. आमच्या ऑफिसने हो म्हटलं आणि वस्तू कोणती ते विचारलं नाही. चूक आमची आहे, त्यांची नाही. सोबत मेसेजची प्रत. त्या प्रतीतलं माझं नाव त्यांनी पट्टी ठेवून काळ्या पेनाने खोडलं. मी म्हटलं, "राहू द्या, माझंच आहे." ते म्हणाले, "नोकरी शोधायची आहे ना तुला?"

लायसन्स गेलं. गावाला समज मिळाली, नाव यादीत राहिलं. कंटेनर मात्र नष्ट करायचा हुकूम झाला. एका मोळीसाठी नऊ महिन्यांचं पीक खड्ड्यात. मोळी तेवढी काढून जाळता आली नसती का? मी विचारलं. तपासणी करणारा मुलगा माझ्याच वयाचा होता, सभ्य होता, म्हणाला की माती बाकीच्या मालाला लागलेली नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. नियम होता, त्याने पाळला. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ते वर्ष संपता संपता कावा मालातून आणायला रीतसर परवानगी मिळाली. आता केलीव्हिलच्या दुकानात चकचकीत पाकिटात मिळतो, वर समुद्रकिनाऱ्याचं चित्र. वस्तू तीच, बेट तेच. इथल्यांना हवीशी झाली तेव्हा दार उघडलं. पुरलेल्या दालोबद्दल कुणी कुणाला एक ओळ लिहिली नाही.

काकांच्या दोन फोनपैकी एक कुणी उचलला नाही. दुसऱ्याने मला दह्याच्या कारखान्यात लावलं आणि व्हिसाही केला, पण ते नंतर. हुकूम आला त्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसात होतो आणि लितियाला सांगायचं राहिलं होतं.

काका उठून उभे राहिले. मीही राहिले. फोन स्पीकरवर टेबलावर. काकांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, काही न वगळता. माल खड्ड्यात पुरणार, लायसन्स गेलं, नाव राहिलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग लितिया म्हणाली, "माफ करना काका. हमारा गलती."

"माफी नहीं," काका म्हणाले. "तुमने भेट दिया. मुझे मिला नहीं, पर दिया तो है. मैं लेता हूँ."

आणि त्यांनी दोन्ही तळहात वाटीसारखे करून एकमेकांवर मारले. खोल, भरीव आवाज. एकदा, दोनदा, तीनदा. भेट स्वीकारल्याची ती तिकडची रीत, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं. टेरी दारात येऊन थांबला, त्याने टोपी काढली.

थोड्या वेळाने पलीकडून तशाच टाळ्या आल्या. एका माणसाच्या नव्हत्या. ती एकटीच फोनवर आहे असं आम्ही समजत होतो.

मी रडले, हे लिहायला हरकत नाही. पण लितिया रडली नाही. तिने विचारलं, "काका, दूसरा खेत दो महीने में तैयार है. खरीदार कौन?"

काकांनी टेबलावरची चिठ्ठी उचलली. एका मोठ्या आयातदाराचा नंबर त्यांनी वाचून दाखवला, दोनदा. मग म्हणाले, "वो भाव कम बोलेगा. तुम पहले 'ना' बोलना."

"फिर?"

"फिर चुप रहना. वो दुबारा बोलेगा."

"और नहीं बोला तो?"

"तो दूसरे नंबर पर फोन करना. वो कल भेजता हूँ."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठीवर एकच नंबर होता. मी खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला आणि दुसरा शोधायला बसले.